हद्दीचा दगड

मोजणीची तारीख वैशाखातली.
आडिवऱ्याच्या सड्यावर कातळ असा तापलेला
की मशीनचे तीन पाय रोवताना
माझ्या चपलेचा तळ चिकटत होता.

दोघे तिर्लोटकर, चुलत. मध्ये जांभ्याचा दगड.
वासुदेव म्हणाला, आजोबांनी पुरला तिथंच आहे.
विठू काहीच बोलला नाही, पान जुळवत बसला.
नकाशा एक सांगत होता, गडगा दुसरं.

मी उकिडवा बसलो, बुडाची माती उकरली.
आत दगडफूल निघालं,
जुन्या रुपयाएवढं, काळपट,
पापुद्रा होऊन सुटत चाललेलं.
आणि दगडाची वरची बाजू कोरी, लाल,
सोललेल्या गुडघ्यासारखी.

मातीखाली कुठलं दगडफूल उगवतं?
एवढं पसरायला त्याला चाळीस पावसाळे लागले असतील.
तितकी वर्षं दगड कणाकणानं भुगा होत
त्याला धरून राहिला,
आणि एका रात्री कुणाची तरी पहार.

मी नुसतं बोट ठेवलं.
विठूची बायको पाणी घेऊन आली होती,
वाकून बघत म्हणाली,
"हे आपण मसाल्यात घालतो तेच ना?"
वासुदेव समुद्राकडे तोंड करून उभा,
जणू गलबत येणार होतं.

अहवालात लिहिलं: खूण सरकलेली आढळली.
पुराव्याचा रकाना
बराच वेळ रिकामा राहिला.

निघताना विठूनं दगड फिरवला,
फूल वर, उत्तरेकडे.
"जगेल का हो हे?"
हद्दीचं त्यानं विचारलंच नाही.