कारणाचा रकाना

टीसीच्या फॉर्मवर वर कन्नड, खाली बारीक इंग्रजी.
कॉलेज सोडण्याचं कारण: जागा दोन ओळींची.

वर्षभर खानापूरची साडेसातची बस,
तिसऱ्या फाटकाशी उतरून चालत,
आणि वर्गात पहिले चार महिने
सगळ्यांच्या मागून हसले, विनोद संपल्यावर.
हे लिहायचं का?

की कोल्हापूरच्या आत्यानं
माझ्यासाठी रिकामं केलेलं कपाट?
दर रविवारी फोटो पाठवते.
आता तर आत हँगरसुद्धा आलेत.

आई विचारते, "काय करालीस गे मग?"
बाबा म्हणाले, "तुझं तू बघ,"
आणि रात्री तीनदा पाणी प्यायला उठले.

प्रॅक्टिकलला शेजारी गंगम्मा होसमनी, गोकाककडची.
तिला मराठी येत नाही, मला कन्नड.
ब्युरेटला डोळे लावून दोघी उभ्या.
ती म्हणायची "साकु", मी म्हणायचे "बस्स",
एकाच थेंबाला.
गुलाबी झालेलं दोघींना एकदम दिसायचं.

काल तिला खुणांनी, कसंबसं सांगितलं.
बराच वेळ एकच नळी धूत राहिली.
मग निघताना नेहमीचंच, "बरतीनी."
येते.
त्यांच्यातही कुणी जाते म्हणत नाही.

उद्या शनिवार, शेवटची तारीख.
टोपण दातात, दोन्ही ओळी कोऱ्या.
खिडकीतला बसगौडा डबा घेऊन उठला,
माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आमेले बा."

मी बाकावर बसले.
मग लक्षात आलं,
कुणाला अर्थ विचारला नव्हता.