उरेब

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, दुपारी पावणेतीनला,
यंत्राच्या दोन जबड्यांत मी एक पट्टी धरते.
काचेचे धागे, त्यांच्यात मुरलेली राळ.
वीतभर लांब, बोटभर रुंद, मधाच्या रंगाची.

ओढायला लागलं की आधी काहीच होत नाही.
पडद्यावर रेघ चढत राहते.
मग टिक.
कान दिला तरच ऐकू येतं:
एक धागा गेला.
त्याचा भार राळ सरकवते शेजारच्याकडे,
शेजारचा बोलत नाही, किंचित जास्त ताणला जातो.
राळेला स्वतःचं बळ फारसं नाही,
ती धरून ठेवते, इकडचं तिकडे पोचवते.
सरळ धाग्यांची पट्टी अशी शेवटपर्यंत गुमान राहते
आणि एकदम खराटा होते.
एकोणीस वर्षं झाली, अजून दचकते मी.

आज टिक नव्हतीच.
निम्म्या भाराला पट्टी चिरली, तिरकी, स्वच्छ,
बांबू फाकावा तशी.
कोनमापक लावला: सहा अंश.

दांडिया बाजारातले पोवार शिंपी
कापड माझ्या हातात द्यायचे.
उभं ओढ. हटतंय? आडवं ओढ.
आता कोपरे धरून ओढ बघू.
चौकडीची शंकरपाळी व्हायची.
"हे उरेब, पोरी. गळ्याच्या पट्टीला लावायचं.
खांद्यावर घेतलंस तर झगा लोंबेल."

सहा अंश म्हणजे उरेबसुद्धा नाही.
डोळ्याला सरळच दिसतं.

हे कापड रमीलाबेननं अंथरलं होतं,
गुरुवारी, रात्रपाळीत.
रोलर फिरवून मनगट सुजलेलं.
मला माहीत होतं. बँडेज मीच आणून दिलं होतं.

ती दारात उभी. "चालशे ने?"
तिचं मराठी आणि माझं गुजराती
यांच्या मधे एक पातळ चिकट थर आहे,
त्यातून बरंच पोचतं.
सगळं नाही.

अहवालात रकाने आहेत.
भार. लांबी. मोडण्याची तऱ्हा:
धाग्यांना समांतर, राळेतून.
कारण, या रकान्यापाशी पेन थांबतं.

धागे शाबूत आहेत, भिंगातून पाहिलं.
एकही तुटलेला नाही.
त्यांच्या मधलं जे होतं, ते सुटलं.

काचेची कुसं मनगटाला खाजतात,
पाण्यानं धुतली तर आणखी रुततात.
रकाना तसाच ठेवून मी स्टूल पुढे ओढते.
बस, रमीलाबेन.
हात दाखव आधी.