बंद पेटी

मी आधी स्पीकरचं विचारत नाही.
डिकी उघडायला लावतो.
परशराम ढवळींच्या डिकीत गॅसची टाकी,
टाकीमागं एक छत्री, आणि गोणपाटात गुंडाळलेला
लाकडी धोटा, टोकाला पितळ.
उरली जागा बत्तीस इंच बाय तेरा.

"मोठी पेटी पायजे. भोकाची.
पोराच्या दोस्ताकडं हाय तसली. काचा थरथरायला पायजेत."

दुकानाच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मध्ये मल्लाप्पानं रंगवलेला स्पीकर,
तो दोन्हीत सारखाच दिसतो.
पाटीखाली बसवून मी त्यांना चहा दिला
आणि सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं.

भोकाच्या पेटीला नळी लागते. नळी म्हणजे गळा.
लांब ठेवली तर सूर खाली उतरतो, आखूड केली की वर चढतो.
एका ठराविक सुराला ती जीव तोडून गाते.
त्याच्याही खाली गेलात
तर आतला कोन उधळतो, दावं तुटलेल्या वासरागत.
बंद पेटी कमी बोलते.
कोंडलेली हवा कोनाला पुढं जाऊ देते
आणि लगेच मागं ओढते.

"गाणी कसली ऐकता?"

चहा निवला.
"गाणी न्हाईत," ते म्हणाले.
"वडगावात चार माग होते आमचे. दिवाळीला भंगारात गेले, किलोवर.
तीस वर्षं त्या आवाजात जेवलो, भांडलो,
पोरगी झोळीत झोपली.
आता रात्री कानात नुसती शिट्टी.
शेवटच्या दिवशी फोनात भरून घेतलंय, अकरा मिनिटं.
पण फोनात ते टाइपरायटरगत वाजूलाय."

मी ते ऐकलं. टेबलावर, मग हेडफोन लावून,
मग डोळे मिटून.
धोटा आपटतो आणि संपतो.
घुमत नाही.
भोकाच्या पेटीत घातला असता
तर प्रत्येक ठोक्याला शेपूट फुटलं असतं,
आणि दोन ठोक्यांमधली ती केसभर जागा,
जिथं सूत असतं,
बुजून गेली असती.

"बंद," मी म्हटलं.
"काचा थरथरतील?"
"काचा नाही."
त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, अजून कळलेलं नाही.

अठरा मिलिमीटरची फळी.
बाहेरचं माप म्हणजे पेटी नव्हे, पेटी आत असते.
फळीची जाडी वजा,
आडव्या पट्टीचं लाकूड वजा,
चुंबकानं अडवलेली जागा वजा.
मल्लाप्पा वजाबाकी कन्नडात करतो, मी मराठीत,
उत्तर जुळलं की करवत चालू.
परवा जुळलं नव्हतं. माझंच चुकलं होतं.
गोंद, दर चार इंचांवर स्क्रू,
सांध्यांत सिलिकॉन, रात्रभर तसंच.
सकाळी तळहातानं कोन हळू दाबला.
सावकाश परत आला.
हवा कुठून पळत नव्हती.

गाडी त्यांचीच, पण ते मागच्या सीटवर बसले,
पाठ डिकीकडं टेकून.
मी फोन जोडला.

पहिली दोन मिनिटं ते माझ्याकडं बघत होते,
नंतर नाही.
सातव्या मिनिटाला चारातला एक ठोका गळाला
आणि त्यांचा उजवा हात आपोआप उठला.
कुठंतरी सूत तुटलं होतं.
हात हवेत थांबला,
ठोका परत आला,
हात मांडीवर.

मी मागं गेलो. नंबरप्लेट खडखडत होती,
केए बावीस, डावा स्क्रू ढिला.
रबराचा वायसर घेऊन खाली वाकलो.

"ते राहू दे," आतून आवाज आला.
"बापाचा माग असाच वाजायचा."

वायसर खिशात टाकला.
बिलात त्याचे पाच रुपये धरले होते,
खोडले.