एकशे दहाला

पेठ नाक्यापुढं, कासेगावच्या सपाट पट्ट्यात
काटा एकशे दहाला टेकला
की एस्टीम थरथरायची.
शंभरला गप्प. एकशे पंचवीसला पुन्हा गप्प.

सांगलीत तिघांनी बॅलन्सिंग केलं.
एकजण म्हणाला, टर्बो काढ, पेलत नाही तिला.

बाबालालचाचा शेजारी बसले,
एक हात सीटखाली, एक स्टिअरिंगला.
"सीट शांत आहे. मागचं नाही हे, पुढचं.
परत एकदा घे. बोलू नकोस."

गॅरेजात अलॉय उतरवलं,
हबवर बोट फिरवत राहिले बराच वेळ.
हब बारीक, चाकाचं भोक मोठं,
मध्ये नखाएवढी फट.
"दुसऱ्याच्या मापाचं चाक रे.
नटांनी धरलंय, मध्यानं नाही."

लेथवर रिंगा काढायच्या होत्या.
कॅलिपर मला धरायला लावला,
आकडे तेवढे त्यांनी वाचले.
चहा आला तो निम्मा बशीत सांडला,
मी बघितलं नाही असं केलं.

दिवेलागणीला तोच पट्टा, एकशे दहा.
स्टिअरिंग परातीतल्या पाण्यासारखं.
चाचांनी डॅशबोर्डवर पंजा टेकवला.
पंजा हलत होता.

मी पाय उचलला.

"हे माझं आहे," म्हणाले,
"तू चालव."