कर

कोलंबसहून आलेला तरुण सल्लागार
ग्रंथालयाच्या तळघरात फळ्यावर दोन रकाने आखतो.
डावीकडे टाळायचे शब्द,
उजवीकडे त्यांच्या जागी बोलायचे.
'कर' लिहितो आणि लगेच खोडतो,
लाल खडूनं, दोनदा,
वर्गातल्या वात्रट पोराचं नाव खोडावं तसं.
गुंतवणूक म्हणा, आपला वाटा म्हणा,
काहीही म्हणा,
तो शब्द तेवढा ओठांवर येऊ देऊ नका.

इव्हॉन काचमारेक वहीत उतरवून घेते.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतेय,
सूचना पाळायची सवय आहे.
पण फळ्याकडे बघता बघता तिच्या मनात येतं,
समोरच्यांना किती सोपं गेलं.
त्यांनी शब्दाला नुसतं 'ओझं' जोडलं
आणि सगळं गाव खांदे चोळायला लागलं.

आपण तरी कुठे वेगळे?
करभार म्हणतो, सहज, पान खाता खाता.
हात, पट्टी, आणि 'एवढं कर ना' ही विनवणी
दोन अक्षरांत मावत असताना
त्यांच्यापुढे भार कुणी आणून ठेवला
विचारलंय कधी?

शनिवारी ती ऑर्व्हिल टॅकेटच्या पायऱ्या चढते.
पोर्चवर प्राणवायूचं नळकांडं, वेताची खुर्ची,
अंगणात समोरच्यांची पाटी: ओझं उतरवा.
ती पाठ केलेलं सुरू करते,
"आपल्या उज्ज्वल भविष्यातली गुंतवणूक..."
म्हातारा तळहात वर करतो.
"बाई, सरळ बोल. कर हवाय ना?"
"हो. कर."
एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच
तिला आपला आवाज आपला वाटतो.

"घरपट्टीनं माझं पेन्शन खाल्लं."
"माझा पगारही. पण त्यानं किती भरली?"

दोघं रस्त्यापलीकडे बघतात.
गोदाम. अकरा फुटबॉल मैदानं एका छपराखाली,
भरदिवसाही दिवे.
पंधरा वर्षांची करमाफी, त्यातलं हे चौथं.
रस्ता गावानं बांधून दिला, सांडपाण्याची नळी गावानं,
आणि सरकत्या पट्ट्यात त्या पोरीची बोटं अडकली
तेव्हा रुग्णवाहिकाही गावाचीच गेली.

"मार्चमध्ये माझ्यासाठी आली होती," ऑर्व्हिल म्हणतो.
"नऊ मिनिटांत."
"ठराव पडला तर शेजारच्या काउंटीतून येईल. एकोणीस."
नळकांडं बराच वेळ एकटंच बोलत राहतं.
मग तो म्हणतो, "पाटी राहू दे हां.
जावयानं लावलीय, सणाला जेवायला येतो.
मत माझं आहे."

एकेचाळीस मतांनी पडला ठराव.
सल्लागाराचा निरोप आला:
भाषा अजून मऊ हवी होती.

डिसेंबरात सरोवरावरून बर्फ आला, रात्रभर.
गावाचं एकच उरलेलं बर्फनांगर
करारातल्या कलमाप्रमाणं आधी गोदामाकडे गेलं.
तो रस्ता पहाटेच काळाभोर, कोरडा,
नव्या पाटीसारखा.
हार्मन रोडच्या वळणावर इव्हॉनची बस
चौदा पोरांसकट रुतून उभी.

ती हातमोजे चढवते, सीटखालून फावडं काढते.
फावड्यांनी गावं चालत नसतात,
हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?
तरी खणते, शिव्या घालत,
सल्लागाराला, कलमाला, त्या एकेचाळिसांना,
आणि थोड्या स्वतःलाही,
बाकीच्या दारांवर
ती गुंतवणूकच म्हणत राहिली होती.

मागच्या बाकावरचा डेशॉन खाली उतरतो,
टोपी कानांवर ओढत.
"मी काय करू?"
ती त्याच्या हातात पत्र्याचा डबा देते.
"ते चाक तुझं.
कर."