चौथा मजला

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या जातीची पाठ लांब,
जिने चढू देऊ नका.
बाबांनी ते ब्रह्मवाक्य मानलं.
तेव्हापासून क्लुस्का एकही पायरी चढलेली नाही.

लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे बहात्तर वर्षांचे,
त्यातला डावा केव्हाच नापास झालेला.
तरी दिवसातून तीनदा, ग्दिनियातल्या त्या अंधाऱ्या जिन्यात,
एक हात कठड्याला, एका काखेत कुत्री,
आणि दर मजल्यावर थांबून तिलाच विचारणं,
"दमलीस का गं?"

गोदीत क्रेन चालवली त्यांनी जन्मभर.
हवेत लटकलेलं लोखंड बोटभर सरकवून
नेमकं जागेवर ठेवणारे ते हात
आता कोंबडीचं काळीज नखाएवढं चिरतात,
कुट्टूच्या भातात कालवतात, फुंकर घालतात,
आधी आपल्या ओठाला लावून बघतात.
घरात कांदा बंद. कुत्र्यांना बाधतो.
कांद्याशिवाय ज्यांना घास उतरत नसे, त्यांच्या घरात.

गोदीतला निळा डगला, अस्तरासकट,
ग्रुश्काबाईंच्या मशीनवर क्लुस्काच्या मापाचा झाला.
पाठीवर अजून बाबांचा हजेरी क्रमांक आहे.
समुद्रावरून बोचरा वारा सुटतो,
क्रमांक तीनशे सतरा दिव्याच्या खांबापाशी बसते,
आणि बाबा वाऱ्याकडे पाठ करून
तिला आडोसा देत उभे राहतात,
लोकांकडे न बघता.

मला नऊव्या वर्षी गोवर निघाला होता.
बाबा दारातूनच म्हणाले, "उतरेल,"
आणि पाळीवर गेले.
खोटं नाही. उतरला.

आमच्याकडे नावाला शेपूट लावून लाड करतात.
क्लुस्काच्या नावाला अशी नऊ शेपटं, मी मोजलीत.
मी नुसती दानुता,
हजेरीपटावर असते तशी.
पन्नाशीच्या बाईला
आखूड पायांच्या एका कुत्रीचा हेवा वाटावा का?
वाटतो.

फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.
जाताना बाबांनी मला दोन पानं लिहून दिली, पाठपोट.
त्यांनी मला लिहिलेलं एवढं लांब काही
माझ्याकडे दुसरं नाही.
*पाणी कोमट. रेडिओ चालू ठेव, पण बातम्या नकोत,
तिला घोर लागतो.
उशी माझीच दे, अभ्रा धुवू नकोस.*
आणि शेवटी, पेन बदलून,
*जिन्यात घाई करू नकोस.
तिसऱ्या मजल्याची वरून दुसरी पायरी खचली आहे.*

दुसऱ्या रात्री फोन आला. आवाज गुंगीत भिजलेला.
मी म्हटलं, कसे आहात, दुखतंय का?
"ठीक. तिच्या कानाला लाव."

लावला. ती उशीवर होती, मी शेजारी जमिनीवर.
तिचा मखमली कान उचलून फोन आत धरला
आणि माझाही कान तिथेच टेकवला,
चोरासारखा.

आधी नऊच्या नऊ शेपटं आली, एकेक करून.
मग दहावं, मी कधी न ऐकलेलं.
मग श्वास. मग कुणाची तरी ट्रॉली गेली.
मग हळूच, गुपित सांगितल्यासारखं,
"ती जेवली का गं?
बघ जरा. विचारलं की हो म्हणते.
लहानपणापासून तशीच आहे."

क्लुस्काने फोन चाटला
आणि तोंड फिरवून झोपली.
ओट्यावर माझा पाव तसाच होता, सकाळचा, एक घास तोडलेला.

पलीकडे बाबा वाट बघत होते.

"नाही जेवली," मी म्हणाले,
कुत्रीच्या वतीने.