चावी झारेनकडे असते

ये, बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय,
तिच्यावर फक्त फोन्झू बसतो, त्याला सवय आहे.
क्लबचा इतिहास लिहायचाय म्हणतोस?
लिही. पण आधी कॉफी घे,
इथे ती काचेच्या पेल्यातच मिळते.

तर गोदीतली अकरा पोरं.
अकरा म्हणतात, खरी नऊच होती,
एकाला दंड धरून आणला, एक पाद्रीबाबांचा भाचा.
इंग्रज खलाशी बोटीवरून उतरायचे, चेंडू लाथाडायचे,
आमचे भिंतीवर बसून बघायचे,
आणि चेंडू अलीकडे आला की परत द्यायला वेळ लावायचे.
एक दिवस दिलाच नाही.
स्थापना, लिही, त्या दिवशीची.

शर्ट पिठाच्या पोत्यांचे.
होड्यांना लावून उरलेल्या निळ्या रंगात बुडवलेले.
पहिल्याच सामन्यात घाम आला आणि रंग सुटला,
गळा निळा, पोट निळं,
ज्याच्या अंगावर धावून गेले तो पंचही निळा.
हरलो. सात-शून्य.
वरच्या गल्लीत विचारशील तर सात-एक सांगतील.
तो एक कुणाचा,
यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.

हिरवळ? कुठली रे हिरवळ.
पिवळा दगड, त्यावर पिवळी खडी, त्यावर धूळ.
रेषेबाहेर दोलोर बसायची
भुवया कोरायचा चिमटा घेऊन,
पडलेल्याच्या गुडघ्यातून खडे वेचायला.
काडेपेटीत ठेवायची, पेटीवर नाव.
ज्याची पेटी आधी भरली त्याच्याशी तिनं लग्न केलं.
फार चांगला खेळाडू नव्हता तो. सारखा पडायचा.

मग लढाई. ती लाल पाठीची वही दे इकडे.
बेचाळीस साल. वाच मोठ्याने:
"सभा भरली नाही. छप्पर नाही.
गोलचे खांब जूझाच्या चुलीसाठी दिले.
ठराव: युद्ध संपताच परत घ्यावेत."
खाली चिटणिसाची सही.
तो त्याच आठवड्यात गेला, गोदीत.
गेला म्हणजे? गेला म्हणजे गेला. लिही पुढे.

ते खांब आम्ही प्यायलो, कळलं का?
वाटाण्याच्या पातळ सुपातून,
खडक फोडून केलेल्या भुयारात,
अख्खी गल्ली, माणशी अर्धा वाडगा.
मी तेव्हा जन्मलोही नव्हतो,
पण इथे सगळे "आम्ही"च म्हणतात.
ठराव अजून रद्द झालेला नाही.
दर वार्षिक सभेत कुणीतरी उठतं
आणि घसा खाकरून विचारतं: खांबांचं काय झालं?

चोपन्न साली मधली फळी ऑस्ट्रेलियाला गेली,
तिघंही, एकाच बोटीने.
धक्क्यावर बँड, आया, बांधलेल्या ट्रंका.
दोर सुटला तशी विस्तीननं, आमच्या गोलकीपरनं,
चेंडू खाली ठेवला
आणि मारला सरळ बोटीकडे.
पोचला नाही. बंदराच्या पाण्यात डुलत बसला.
संध्याकाळी एका कोळ्यानं आणून दिला, ओला.
त्या होडीच्या नाकावर रंगवलेले डोळे
मला ओशाळलेले वाटले.
सात वर्षांचा होतो, तेव्हा वाटायचं असं काहीबाही.

कप? एक आहे. एकसष्टचा.
त्यात बरीच वर्षं फ्यूज असायचे,
आणि एक बटण, कुणाचं ते ठाऊक नाही.
नंतर आपण खाली घसरलो, अजून खाली,
ते वर्तमानपत्रात मिळेल, माझा वेळ नको घालवूस.

परवा एब्रिमा आला. डावा बॅक, गांबियाचा,
दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींवर दगड चढवतो.
म्हणाला, झारेन, खोलीत आम्ही सहा जण,
कागद ठेवायला जागा नाही.
मी कपाट उघडलं. कपातले फ्यूज काढून खिशात घातले.
कागदांची गुंडाळी केली.
नीट बसली आत, जणू मापानेच केलेला कप.

हे लिहू नकोस.
किंवा लिही, पण पोराचं नाव बदल.
चावी माझ्याकडे असते.
कुलूप जरा अडतं,
दार आधी थोडं उचलायचं, मग फिरवायचं.
बघ, असं.